समाजशास्त्र कीं मानवशास्त्र?

पदवीची परीक्षा उतरल्यावर पुढें कोणता विषय घ्यावा, हा प्रश्न आतां घरोघर पडतो, आणि बहुतेक घरीं तो दोनच गोष्टींवरून सोडविण्यांत येतो: गुण कशांत अधिक मिळाले व नोकरी कशांत लवकर मिळेल. वैद्यक कीं स्थापत्य, गणित कीं पदार्थविज्ञान, अशा जोड्यांविषयीं वडील मंडळींचीं मतें ठाम असतात. परंतु समाजशास्त्र घेऊं कीं मानवशास्त्र, असें एखाद्या मुलानें विचारलें तर दोहोंत भेद काय, हेंच पुष्कळांस सांगतां येत नाहीं. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेंत हे दोन्ही विषय ऐच्छिक म्हणून ठेवलेले आहेत, आणि तेथें कित्येक उमेदवार कोणाचा अभ्यासक्रम आटोपशीर, एवढेंच पाहून निवड करतात. दोन्ही शास्त्रें माणसांच्या समूहांचा विचार करतात. मग तीं दोन कां झालीं? याचें उत्तर ग्रंथांपेक्षां तापीच्या कांठीं उभें राहून सातपुड्याकडे पाहिलें असतां लवकर सांपडतें.

१ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून वेगळा काढलेला नंदुरबार जिल्हा पूर्वीं पश्चिम खानदेशाचा भाग होता. खालीं सपाटीवर काळी जमीन कसणारे गुजर व इतर शेतकरी, पेठेंतले व्यापारी, अहिराणी बोलणारीं गांवें. वर अक्राणी, तोरणमाळ आणि अक्कलकुव्याच्या डोंगरांत भिल्ल व पावरा. भिल्लांची वस्ती सपाटीवरही थोडी नाहीं. २०११ च्या शिरगणतींत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारें १६ लक्ष ४८ हजार भरली व तींत शेंकडा ६९ हून अधिक लोक अनुसूचित जमातींचे होते. खालचा मनुष्य व वरचा मनुष्य आठवड्याच्या बाजारीं एकमेकांस भेटत आले आहेत. परंतु विद्येच्या दरबारीं त्यांचीं दप्तरें निराळीं झालीं.

१८१८ सालीं खानदेश इंग्रजांच्या हातीं आला, तेव्हां भिल्लांविषयीं त्यांस जी जिज्ञासा होती ती ज्ञानाची नव्हे, बंदोबस्ताची होती. १८२५ सालीं औट्रम या अधिकाऱ्यानें धरणगांवीं भिल्लांची पलटण उभारली. १८८० सालीं खानदेशचें गॅझेटिअर निघालें; त्यांत पिकें, घाट व किल्ले यांच्या जोडीला जातीजमातींचीं वर्णनें आलीं. पुढें १९०१ च्या शिरगणतीचे मुख्य हर्बर्ट रिस्ले यांनीं नाकाच्या लांबीरुंदीचें प्रमाण मोजून त्यावरून जातींची उच्चनीचता लावून दाखविण्याचा खटाटोप केला. या मोजमापाच्या परंपरेंत आपल्याकडील मानवशास्त्र वाढलें. मुंबईंत त्याची सभा १८८६ सालींच स्थापन झाली होती, व कलकत्ता विद्यापीठानें १९२० च्या सुमारास त्याचा स्वतंत्र विभाग काढला. समाजशास्त्र आलें तें दुसऱ्या दारानें. १९१९ सालीं मुंबई विद्यापीठांत तो विभाग पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखालीं सुरू झाला. हे गृहस्थ मूळचे जीवशास्त्राचे व पुढें नगररचनेचे जाणते. अशा रीतीनें शहर, धंदा, जात व कुटुंब हें एकाच्या वांट्यास गेलें आणि रान, डोंगर, कवटी व कुळी हें दुसऱ्याच्या. ही वांटणी शास्त्राच्या गरजेनें झाली असें म्हणवत नाहीं; राज्यकारभाराच्या सोयीचा तींत मोठा भाग होता.

महाराष्ट्रांत ही भिंत प्रथम ज्यांच्या वाटेंत आली ते गोविंद सदाशिव घुर्ये. मालवणास १८९३ सालीं जन्मलेले घुर्ये संस्कृताचे विद्यार्थी. १९१८ सालीं त्यांनीं एम्. ए. च्या परीक्षेंत सुवर्णपदक मिळविलें. संस्कृताची अध्यापकी हा त्यांचा सरळ मार्ग होता. तो सोडून गेडिस यांच्या शिफारशीनें ते समाजशास्त्र शिकण्यासाठीं विलायतेस गेले. लंडनला हॉबहाउस या समाजशास्त्रज्ञाकडे त्यांचें मन रमलें नाहीं. तेथून ते केंब्रिजला हॅडन व रिव्हर्स यांच्याकडे गेले, आणि हे दोघेही मानवशास्त्राचे आचार्य. १९२२ सालीं रिव्हर्स वारले. घुर्ये यांनीं हॅडन यांच्याकडे काम पुरें केलें, व परत येऊन १९२४ पासून मुंबईस जें शिकविलें त्याचें नांव समाजशास्त्र! विद्यापीठानें एका शास्त्रासाठीं धाडलेला विद्यार्थी दुसरें शास्त्र घेऊन आला, आणि त्यांत कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं. उलट, १९३२ सालीं जातिसंस्थेवरील आपल्या ग्रंथांत त्यांनीं रिस्ले यांचीं मापें त्यांच्याच अंकांनिशीं तपासून पाहिलीं, तीं त्या केंब्रिजच्या शिक्षणाच्या जोरावर.

आतां ही भिंत केवळ विद्यापीठांतली असती तर तिच्याविषयीं एवढें बोलण्याचें कारण नव्हतें. पण ती कायद्यांत उतरली. १९३५ च्या कायद्यास अनुसरून १९३६ सालीं सरकारनें देशांतील कांहीं मुलूख नेहमींच्या कायदेमंडळाच्या कक्षेंतून पूर्णपणें किंवा अंशतः वगळले. अंशतः वगळलेल्या मुलुखांत पश्चिम खानदेशचे तळोदें तालुका, नवापूर पेठा, अक्राणी महाल आणि काठी, नाल, सिंगपूर आदि मेहवासी सरदारांचीं गांवें होतीं. (ज्या काठीची होळी पाहावयास आज दूरदूरचे लोक येतात, तीच ही काठी.) अशा मुलुखांचें पुढें काय करावें, यावर मोठा वाद माजला. व्हेरिअर एल्विन हे मूळचे इंग्रजी वाङ्मयाचे व धर्मशास्त्राचे पदवीधर. १९३२ पासून मध्यप्रांतांतील डोंगरी लोकांत राहून ते मानवशास्त्राकडे वळले होते. बैगांवरील १९३९ च्या ग्रंथांत त्यांनीं अशा लोकांना बाहेरच्या घुसखोरींतून वांचविण्यासाठीं राखीव प्रदेश असावा, अशी कल्पना मांडली. १९४३ सालीं घुर्ये यांनीं तिचा प्रतिवाद केला. त्यांचें म्हणणें असें कीं, हे लोक आदिवासी म्हणून निराळे काढण्याचें कारण नाहीं. ते हिंदु समाजाचेच मागें राहिलेले थर होत.

दोघांतही तथ्य होतें, आणि दोघांच्याही हातून कांहींतरी सुटलें. ग्रिअर्सन यांच्या भाषापाहणीच्या १९०७ च्या खंडांत भिल्लांच्या बोली गुजराती, राजस्थानी व मराठी यांच्याच कुळांतल्या ठरल्या होत्या. खानदेशांत भिल्ल वेगळ्या जगांत राहात होता, हें खरें नव्हे. येथवर घुर्ये यांची बाजू बळकट आहे. पण त्याच संपर्कानें सपाटीवरच्या भिल्लाची जमीन सावकाराकडे व बड्या शेतकऱ्याकडे गेली, हेंही तितकेंच खरें. शहाद्यास १९७२ सालीं अंबरसिंग सुरतवंती व त्यांचे सोबती यांनीं श्रमिक संघटना उभी केली ती गेलेल्या जमिनीच्या व मजुरीच्या प्रश्नावर, आणि त्यानंतर आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा महाराष्ट्रास करावा लागला. समाजांत मिसळून टाका म्हणणाऱ्या पंडितानें मिसळणाराची जमीन कोणाच्या नांवें चढते, तें आधीं पाहावयास हवें होतें.

घुर्ये यांच्याच एका विद्यार्थिनीनें हा गुंता निराळ्या बाजूनें हातीं घेतला. इरावती कर्वे यांचा जन्म १९०५ सालचा, ब्रह्मदेशांतला. नांवही तेथल्या नदीचें. सातव्या वर्षीं त्या पुण्यास हुजूरपागेंत आल्या व पुढें रँग्लर परांजपे यांच्या घरीं वाढल्या. १९२६ सालीं फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन त्या बी. ए. झाल्या. तत्त्वज्ञानांत त्यांची गति चांगली होती. तरी दक्षिणा फेलोशिप मिळाल्यावर त्यांनीं मुंबईस घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र घेतलें. दोन वर्षांनीं पुन्हां वळण आलें. पति दिनकर धोंडो कर्वे स्वतः जर्मनींत रसायनशास्त्र शिकून आलेले; त्यांनीं पत्नीला तेथें पाठविण्याचें ठरविलें. सासरे महर्षि कर्वे, ज्यांनीं स्त्रीशिक्षणासाठीं आयुष्य वेंचलें, त्यांनींच या बेतास विरोध केला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. १९२८ च्या नोव्हेंबरांत इरावतीबाई निघाल्या.

बर्लिनला त्या ऑयगेन फिशर यांच्या संस्थेंत दाखल झाल्या. येथें मानवशास्त्र म्हणजे शरीराचें शास्त्र. फिशर यांचा कल असा कीं, कवटीच्या दोन बाजूंतील विषमता वंशागणिक निरनिराळी निघावी, आणि गोऱ्यांची बुद्धि वरचढ असल्याची खूण तींत दिसावी. इरावतीबाईंनीं १४९ कवट्या मोजल्या. विषमता सर्वच कवट्यांत होती. वंशाशीं तिचा संबंध मात्र त्यांना आढळला नाहीं, व तसें त्यांनीं प्रबंधांत लिहिलें. परक्या देशांत, परक्या भाषेंत, ज्यांच्या हातीं पदवी त्यांच्याच मताविरुद्ध लिहिण्यास लागणारें धैर्य लहान नव्हे. १९३० सालीं त्यांना डॉक्टरेट मिळाली. पुढें १९३३ सालीं फिशर हे नाझी राजवटींत बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले.

परत आल्यावर शिकलेल्या शास्त्राची जागा कोठेंच नव्हती. १९३१ ते १९३६ पर्यंत त्यांनीं महिला विद्यापीठाची कचेरी सांभाळली. १९३९ सालीं डेक्कन कॉलेज संशोधनसंस्था म्हणून पुन्हां उघडलें, तेव्हां त्यांची नेमणूक झाली ती समाजशास्त्राच्या जागेवर. गुरूंच्या उलट प्रकार! घुर्ये समाजशास्त्रासाठीं जाऊन मानवशास्त्र शिकून आले. या मानवशास्त्राच्या पंडित होऊन समाजशास्त्राच्या खुर्चीवर बसल्या. जागेचें नांव कांहींही असो, त्यांनीं दोन्हीं हत्यारें हातचीं सोडलीं नाहींत. वि. म. दांडेकर या संख्याशास्त्रज्ञासह महाराष्ट्रांतील लोकांचीं शरीरमापें घेऊन १९५१ सालीं तीं प्रसिद्ध केलीं. जातीजातींचें मूळ कसें शोधावें, हा त्यांतील प्रश्न. १९५३ सालीं भारतांतील आप्तसंबंधांवरील ग्रंथ आला. त्यांत महाभारतांतील नात्यांचीं नांवें आणि चालू काळांतील मामेबहिणीशीं विवाहाची चाल एकाच पंक्तीस बसलेली दिसतात, आणि जाति व जमाति या दोहोंस एकाच मांडवांत जागा मिळते.

पश्चिम खानदेशांतील भिल्लांची पाहणी ही त्यांच्या या रीतीची आपल्या जिल्ह्यांतली खूण. येथें नाकाचें माप मुख्य नव्हतें. भिल्लांचा समाज व संसार कसा चालतो याची ती सामाजिक व आर्थिक पाहणी. ज्या डोंगरांना मानवशास्त्राचा राखीव मुलूख समजत, तेथें समाजशास्त्राचे प्रश्न विचारले गेले. कोयना धरणानें उठविलेल्या लोकांची अशीच पाहणी त्यांनीं केली व ती १९६९ सालीं प्रसिद्ध झाली. ११ ऑगस्ट १९७० रोजीं त्यांचा अंत झाला.

त्यानंतर नऊ वर्षांनीं, १९७९ च्या डिसेंबरांत, नर्मदेच्या पाण्याविषयींच्या लवादाचा निवाडा झाला. सरदार सरोवरांत महाराष्ट्राचीं ३३ गांवें जावयाचीं होतीं आणि तीं सगळीं अक्राणी व अक्कलकुवें तालुक्यांतलीं. ज्या कुटुंबाची पाव हिश्शाहून अधिक जमीन जाईल त्याला निदान दोन हेक्टर जमीन मिळावी, आणि प्रौढ मुलगा हें स्वतंत्र कुटुंब धरावें, असें निवाड्यांत ठरलें. तेव्हां पाहणीस निघालेल्या माणसाला दोन गोष्टी ठरवाव्या लागल्या. एक, कुटुंब कशास म्हणावें. कारण प्रौढ मुलीला तसा हक्क ठेवलेला नव्हता. दुसरी, जमीन कोणाची म्हणावी. कारण पिढ्यान्‌पिढ्या कसलेली कित्येक शेतें वनखात्याच्या दप्तरीं अतिक्रमण म्हणून लिहिलेलीं होतीं. पहिल्या प्रश्नास नात्यांचा अभ्यास हवा होता आणि दुसऱ्यास दप्तरांचा व धाऱ्याचा.