टेस्टोटॉक्सिकोसिस

मुलग्यांना साधारण दोन ते चार वर्षांच्या वयातच पौगंडात ढकलणारा दुर्मीळ आनुवंशिक आजार. आवाज फुटतो, जांघेत केस येतात, उंची झपाट्याने वाढते. पण हाडांची वाढीची टोके लवकर जुळतात आणि बालवाडीत सर्वांत उंच असलेला मुलगा उपचाराअभावी मोठेपणी बुटका राहतो.

कारण : एरवी पीयूषिका ग्रंथीतून एलएच हे संप्रेरक आले, की वृषणातील लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन बनवू लागतात. या आजारात त्या पेशींवरचा एलएच-ग्राही कोणाच्याही हुकमाविना चालूच राहतो. त्यामागचा एलएचसीजीआर जनुकातील बदल १९९३ मध्ये अँड्र्यू शेंकर आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये मांडला. तो आईकडूनही येऊ शकतो; मुलींमध्ये मात्र लक्षणे दिसत नाहीत.

उपचार : नेहमीच्या अकाली यौवनावर १९८१ पासून जीएनआरएच-सदृश औषधे वापरात आली. ती पीयूषिकेला गप्प करतात. येथे पीयूषिका आधीच गप्प असल्याने त्यांचा सुरुवातीला उपयोग होत नाही.

म्हणून औषधे उसनी घ्यावी लागली. १९८५ मध्ये बुरशीवरचे केटोकोनॅझोल वापरून टेस्टोस्टेरॉनची निर्मिती रोखली गेली. त्यात यकृतावर लक्ष ठेवावे लागते. १९८९ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी स्पायरोनोलॅक्टोन आणि टेस्टोलॅक्टोन यांची जोडी मांडली. पहिले टेस्टोस्टेरॉनचा परिणाम अडवते, दुसरे त्याचे इस्ट्रोजेन होऊ देत नाही. हाडांची टोके जुळवणारे मुख्य संप्रेरक इस्ट्रोजेनच. पुढे प्रोस्टेटच्या कर्करोगावरचे बायकॅल्युटामाइड आणि स्तनाच्या कर्करोगावरचे ॲनास्ट्रोझोल यांनी ही जागा घेतली. काही वर्षांनी पीयूषिकाही जागी झाली, तर जीएनआरएच-सदृश औषध जोडतात. यांपैकी कोणतेही औषध जनुकातील दोष दुरुस्त करत नाही, आणि रुग्ण इतके थोडे, की मोठ्या चाचण्या घेणेच कठीण.

निदान, जालना जिल्ह्याच्या संदर्भात : अंबड किंवा भोकरदनच्या अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक उंची-वजन घेते. खुरटलेले मूल त्यात लगेच नजरेत भरते. वाढीच्या तक्त्याची वरची रेषा ओलांडणारा मुलगा ‘सुदृढ’ वाटून सुटू शकतो. शंका आल्यास डाव्या मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचे वय कळते. रक्तात टेस्टोस्टेरॉन प्रौढाइतके आणि एलएच अगदी कमी आढळले, तर अधिवृक्क ग्रंथीचे विकार व गाठी वगळून जनुकीय तपासणी करतात. त्यासाठी बालसंप्रेरकतज्ज्ञ लागतो. मुंबईचे केईएम रुग्णालय दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. निदान पक्के झाल्यावर धाकट्या भावांचीही तपासणी केली जाते.