शब्दवेध : हाउस

भाईंदरच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीतून छातीवर आदळणारा तो एकसुरी ठोका बराचसा ‘हाउस’ घराण्यातला. शब्द मात्र गोदामातून आला. शिकागोत १९७७ साली ‘वेअरहाउस’ क्लब सुरू झाला. तिथे फ्रँकी नकल्स वाजवायचा त्या रेकॉर्डी दुकानांत ‘हाउस’ म्हणून विकल्या जाऊ लागल्या. मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोके, चारही मात्रांवर बास ड्रम. त्याची ‘ॲसिड’ शाखा १९८७च्या सुमारास गाजली. पण आपल्या मुंबईच्या चरणजित सिंग यांनी त्या शाखेच्याच रोलँड ३०३ आणि ८०८ या इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर १९८२ सालीच भैरव, ललित, मालकंस वाजवले होते! ३०३वर सूर मींडेसारखा घसरत जातो. भैरव त्या यंत्रावर विलक्षण शोभतो. सिंग यांची ती रेकॉर्ड २०१०मध्ये पुन्हा निघाली, तेव्हा कुठे जगाने कान टवकारले.