हातानें वाढविलेली स्मृति

माझें बालपण नांदेडास उस्मानशाही गिरणीच्या भोंग्याच्या आवाजांत गेलें. उभ्या-आडव्या धाग्यांच्या विणीची आठवण आज अशासाठीं कीं, भारतांत बांधलेल्या पहिल्या इलेक्ट्रॉनिक अंकीय संगणकाची स्मृतिहि अशीच विणलेली होती.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत 1954 च्या सुमारास डॉ. रंगस्वामी नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं हें काम सुरू झालें. त्यांच्या सहकाऱ्यांपैकीं बहुतेकांनीं असें यंत्र पूर्वीं वापरलेलें नव्हतें. प्रथम 1956 त एक लहानसें प्रायोगिक यंत्र उभें राहिलें. त्याच्या स्मृतींत फेराइटच्या बारीक कड्या तारांच्या जाळ्यांत ओंवलेल्या होत्या. कडीचें चुंबकत्व एका दिशेस असेल तर शून्य, उलट दिशेस असेल तर एक. या यंत्रांत बारा अंकांचे 256 शब्द, म्हणजे 3,072 अंक मावत. पुढें 1960 त कार्यान्वित झालेल्या मोठ्या यंत्रांत चाळीस अंकांचे 2,048 शब्द मावूं लागले. गुणाकार केला तर 81,920 अंक होतात. स्मृति सव्वीस पटींहून अधिक वाढली! 1962 त पंडित नेहरूंनीं या यंत्रास ‘टिफ्रॅक’ हें नांव दिलें. स्वतः बांधल्यामुळें यंत्राचें अंतरंग जाणणारीं माणसें देशांत तयार झालीं.

पुढें कड्यांची जागा चिपांनीं घेतली, आणि हें काम हौशी माणसाच्या टेबलावर आलें. इंग्लंडांत 1981 त निघालेल्या बीबीसी मायक्रोच्या स्वस्त नमुन्यांत 16 किलोबाइट स्मृति असे. हौशी लोक झांकण उघडून रिकाम्या खांचांत आठ चिपा बसवीत व ती 32 किलोबाइट करून घेत. चिपेचा एखादा पाय वांकला तरी काम अडे. पण चूक शोधतां शोधतां यंत्र कळूं लागे.

1984 त केंद्र शासनाच्या ‘क्लास’ योजनेनें बीबीसी मायक्रो आपल्या शाळांत आणला. लातूर जिल्ह्यांतील ज्या शाळेंत मी शिकवीत होतों, तेथेंहि एक यंत्र आलें. “गुरुजी, झांकण उघडून आंत पाहूं का? स्मृति वाढवितां येते म्हणे,” असें एका विद्यार्थ्यानें विचारलें. मीं नकार दिला. यंत्र नोंदवहींत चढलेलें. बिघडलें तर जबाब कोणी द्यावा? तें कापडाखालींच राहिलें आणि अखेर भंगारांत गेलें. भीतीपोटीं मीं एका मुलाची जिज्ञासा दडपली, ही रुखरुख मला आजहि आहे.

आतां बऱ्याच लॅपटॉपांत स्मृति तक्त्यालाच डाग देऊन पक्की केलेली असते. तरीहि आपल्या माळ्यावर टेबलावरचा एखादा जुना संगणक पडला असेल, तर तो भंगारवाल्यास देण्याची घाई करूं नये. विजेची तार काढावी, धातूस हात लावून अंगांतील स्थिरविद्युत् घालवावी, मग झांकण उघडावें. खांच रिकामी दिसल्यास त्याच जातीची स्मृतीची पट्टी आणावी आणि ती घरांतील मुलांच्या हातून बसवून घ्यावी. आपण केवळ शेजारीं उभें राहावें.