इकित्सुकीचे ओराशो

जुन्या गोव्यात ज्यांचा देह जतन करून ठेवलेला आहे, ते संत फ्रान्सिस झेवियर १५४९ च्या एप्रिलमध्ये गोव्याहून निघाले, १५ ऑगस्टला जपानात कागोशिमा येथे उतरले आणि पुढच्याच वर्षी हिरादो बेटावर पोहोचले. हिरादोच्या वायव्येस इकित्सुकी नावाचे एक लहानसे बेट आहे. आज त्या बेटाची हकीकत सांगावयाची आहे.

हे बेट कोतेदा आणि इचिबु या सरदार घराण्यांकडे होते. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि १५५८ मध्ये फादर गास्पार विलेला यांच्या हस्ते त्यांच्या रयतेचाही बाप्तिस्मा झाला. पण दिवस पालटले. १५९९ मध्ये ही घराणी शेकडो अनुयायांसह बेट सोडून नागासाकीस गेली. मागे राहिलेल्यांचा आधार गास्पार निशी हा १६०९ मध्ये पत्नी व पुत्रासह मारला गेला. १६१४ मध्ये साऱ्या देशात धर्मबंदी झाली.

पुढे दोनशेहून अधिक वर्षे या शेतकऱ्या-कोळ्यांना एकही धर्मगुरू लाभला नाही. घराच्या आतल्या कोठीच्या खोलीत त्यांनी आपली चित्रे लपविली. त्यांतील माता मरिया जपानी स्त्रीच्या वेषात आहे. जवळच्या नाकाएनोशिमा या ओसाड बेटावर अनेकांचा वध झाला होता. तेथील खडकातून झिरपणारे पाणी आणून ते बाप्तिस्मा देत. प्रार्थनांना ते 'ओराशो' म्हणतात. हा लॅटिन 'ओरात्सिओ' शब्दाचाच अपभ्रंश. त्यांच्या एका गीताचा मूळ सूर सोळाव्या शतकातील स्पेनमधला आहे, हे संगीताचे अभ्यासक तात्सुओ मिनागावा यांनी शोधून काढले. माझी आजीही लॅटिन प्रार्थना अर्थ न कळता म्हणत असे. शब्द वाकलेले असत, सूर मात्र कधी ढळला नाही. त्यामुळे इकित्सुकीच्या म्हाताऱ्यांना अडाणी म्हणावयास माझी जीभ रेटत नाही.

१८७३ मध्ये बंदीचे फलक उतरले. तरी येथील बहुतेकांनी चर्चमध्ये न जाता वाडवडिलांचीच रीत चालू ठेवली. ज्यासाठी पूर्वजांनी प्राण दिले, ते परक्या पाद्रीच्या सांगण्यावरून कसे बदलावे?

छळाने जे मोडले नाही, ते पुढे निराळ्याच कारणांनी विरळ होत गेले. १९९१ मध्ये पूल झाला आणि बेट हिरादोशी जोडले गेले. तरुण मंडळी नोकरीसाठी बाहेर पडली, मासेमारी उतरणीस लागली. त्याच सुमारास जपान सरकारने लहान नगरपालिकांनी एकत्र यावे म्हणून कर्जाच्या सवलती देऊ केल्या. १९९९ मध्ये देशात ३,२३२ नगरपालिका व ग्रामपंचायती होत्या, त्या २०१० पर्यंत १,७२७ उरल्या. १ ऑक्टोबर २००५ रोजी इकित्सुकी, ताबिरा व ओशिमा हिरादो शहरात विलीन झाली. इकित्सुकीचा स्वतंत्र नगराध्यक्ष आणि नगरसभा त्या दिवशी संपली. तिजोरी रिकामी असता दुसरे काय करावयाचे, हेही खरेच. मी कोणास दोष देत नाही.

२०१८ मध्ये नाकाएनोशिमा जागतिक वारशाच्या यादीत गेले. इकित्सुकीच्या वस्त्या मात्र त्या यादीत नाहीत. टपालाच्या पत्त्यात हिरादोच्या पाठोपाठ इकित्सुकीचे नाव अजून लिहितात. वारस न उरल्याने प्रार्थनेची मंडळे एकामागून एक मिटत गेली, आणि कोठीच्या अंधारात जपलेल्या काही वस्तू आता तेथील 'शिमा नो याकाता' या संग्रहालयात काचेआड ठेवलेल्या आहेत.