आयोगाने नाव घेतलं, मग शिक्षा का नाही?

नागरिकशास्त्राच्या तासाला आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, आयोगाने नाव घेतलं म्हणजे शिक्षा झाली ना?" तिची दादी ९३ नंतर मुंबई सोडून पनवेलला आली, त्यामुळे श्रीकृष्ण आयोगाचं नाव तिने घरातच ऐकलेलं. मी 'नाही' म्हणालो. का नाही, हे सांगायला तास पुरला नाही.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबई दंगलीत सुमारे ९०० माणसं गेली. अहवालातल्या आकड्यांनुसार त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू. न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांचा आयोग जानेवारी १९९३ मध्ये नेमला गेला. युती सरकारने १९९६ मध्ये तो गुंडाळला, चार महिन्यांनी पुन्हा सुरू केला. अहवाल फेब्रुवारी १९९८ मध्ये सादर झाला. त्यात ३१ पोलिसांवर ठपका होता, आणि बाळ ठाकरे यांची तुलना सैन्य हाकणाऱ्या मुरब्बी सेनापतीशी केली होती.

पण आयोग म्हणजे कोर्ट नव्हे. १९५२ च्या कायद्याखालचा आयोग शोध घेतो, शिफारस करतो. ती मानायची की नाही, हे सरकार ठरवतं. शिक्षेसाठी वेगळा गुन्हा, वेगळा तपास, वेगळा खटला लागतो.

आता कलम बघा. 'सामना'तल्या लेखांवरून ठाकरेंना २५ जुलै २००० ला अटक झाली आणि त्याच दिवशी कोर्टाने खटला संपवला. दोन समाजांत तेढ वाढवण्याच्या कलम १५३ अ ला जास्तीत जास्त तीन वर्षं शिक्षा. आणि तीन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याची कोर्टाने दखल तीन वर्षांच्या आतच घ्यायची, असं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४६८ म्हणायचं. मुदत उलटलेली होती. शिवाय १५३ अ साठी सरकारची मंजुरी लागते, म्हणजे फाईल मंत्रालयात अडकली की झालं. त्या तीन वर्षांतली पहिली दोन वर्षं सरकार काँग्रेसचं होतं, हे आपल्याकडे सोयीने विसरलं जातं.

मधुकर सरपोतदार यांना मात्र दंगलीच्या काळातल्या चिथावणीखोर भाषणाबद्दल जुलै २००८ मध्ये एक वर्षाची शिक्षा झाली. लगेच जामीन मिळाला, २०१० मध्ये ते वारले. त्याच जुलैमध्ये तिकडे राडोवान कराडझिच पकडला गेला. स्रेब्रेनिकात १९९५ मध्ये सुमारे ८,००० बोस्नियन मुसलमान पुरुष आणि मुलं मारली गेली, त्या कत्तलीसाठी. त्याच्यावर आरोप स्वतः गोळी झाडल्याचा नव्हता. तो त्या माणसांचा नेता होता, कट त्याला माहीत होता, त्यात तो सामील होता. २०१९ मध्ये अपिलात त्याची शिक्षा वाढवून जन्मठेप केली गेली. आंतरराष्ट्रीय कायद्यात अशा गुन्ह्यांना मुदत नसते. भारताने मात्र रोम करारावर सहीच केलेली नाही. छळाविरुद्धच्या करारावर १९९७ मध्ये सही केली, पण तो अजून मान्य करून लागू केलेला नाही. परभणीचा इंजिनिअर ख्वाजा युनूस २००३ मध्ये मुंबई पोलिसांच्या कोठडीत मेला. सीआयडीने १४ पोलिसांची नावं दिली, सरकारने मंजुरी दिली फक्त चौघांवर.

वाट अगदीच बंद आहे असंही नाही. खुनाला मुदत लागत नाही. १९८४ च्या शीख कत्तलीबद्दल सज्जनकुमार यांना दिल्ली हायकोर्टाने ३४ वर्षांनी, डिसेंबर २०१८ मध्ये जन्मठेप दिली, तीही कोर्टात उभ्या राहिलेल्या बायकांच्या साक्षीवर. मानवतेविरुद्धचा गुन्हा आपल्या कायद्यात नाही, ही उणीव त्याच निकालात लिहिलेली आहे, आणि त्यात ९३ च्या मुंबईचंही नाव आहे. नवी संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली. तीन वर्षांची मुदत तिच्यातही आहे, नंबर फक्त बदलला, ५१४.

सुप्रीम कोर्टाने ४ नोव्हेंबर २०२२ ला सरकारला सांगितलं की लोकांचं रक्षण करण्यात तुम्ही कमी पडलात. दंगलीत बेपत्ता १६८ जणांपैकी ६० जणांच्याच घरच्यांना भरपाई मिळाली होती. उरलेल्या १०८ जणांचे वारस शोधायला कोर्टाने समिती नेमायला लावली, आणि थंडावलेल्या ९७ खटल्यांतले फरार आरोपीही शोधायला सांगितलं. तुमच्या नात्यात त्या १०८ पैकी कुणी असेल, तर तक्रारीची जुनी प्रत, रेशनकार्ड, जे काही घरात असेल ते घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. तिथे वकिलाची फी लागत नाही.