ठाण्याच्या तळ्यांत मासा आला कुठून?

#थ्रेड #ठाणे #कल्याण #तलाव

१. तलावपाळीच्या कठड्याशी पहाटे दोन प्रकारची माणसे दिसतात. एक जण पिशवीतून चुरमुरे काढून पाण्यात टाकतो आणि मासे उसळून वर येतात. दुसरा, शक्यतो आडोशाला, कणकेचा गोळा गळाला लावून तेच मासे गरवतो. दोघांनाही सहसा ठाऊक नसते की समोरच्या माशांपैकी बहुतेकांचे मूळ या मातीत नाही. त्या माशांचा हा इतिहास.

२. प्रथम तळ्यांविषयी. ठाणे ही उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी. शहरात एके काळी साठ तलाव होते असे परंपरेने सांगितले जाते. आज महापालिकेच्या यादीत सुमारे पस्तीस उरले आहेत. मासुंदा, सिद्धेश्वर, कचराळी, उपवन, रायलादेवी, आंबे-घोसाळे, मखमली ही त्यांतली परिचित नावे. कल्याणात जुने शेणाळे, म्हणजेच आजचा काळा तलाव, आणि डोंबिवलीकडे निळजे.

३. मासुंद्याच्या काठचे कोपिनेश्वराचे मंदिर सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी १७६० मध्ये नव्याने बांधले. १७३७ साली ठाणे मराठ्यांच्या हाती आल्यानंतरचा तो काळ. तळे मात्र मंदिराच्या या जीर्णोद्धाराहून जुने मानले जाते. पिण्याचे पाणी, धुणी, गुरे, देवाचे स्नान आणि मासे, या साऱ्यांसाठी एकच पाणी होते.

४. मासे गरवणे हा गोऱ्या साहेबाने आणलेला छंद, असा एक समज आहे. तो खरा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. (ही कल्याणी म्हणजे बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण. आपल्या खाडीकाठच्या कल्याणशी तिची गल्लत करू नये.)

५. या प्रकरणात माशांची वर्गवारी आहे: समुद्रातले आणि नदीतले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, मोठे, मध्यम आणि लहान. दोरी कशी असावी, काठी कशी असावी, कोणत्या माशाला कोणते खाद्य आवडते, हेही आहे. आणि एक मर्माची गोष्ट आहे: मासे एका ठिकाणी नित्य खाऊ घालून आधी माणसाळवावेत, मग गळ टाकावा.

६. म्हणजे चुरमुरे टाकणारा आणि गळ टाकणारा ही दोन वेगळी माणसे नव्हती. नऊशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथात तो एकच माणूस आहे. भारतीय मत्स्यशास्त्रातले थोर नाव सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणावर लेख लिहून ते आधुनिक अभ्यासकांसमोर आणले.

७. राजाचा विनोद वेगळा आणि गावाचे पोट वेगळे. ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात गोड्या पाण्याचा मासा पोटाला मिळे तो मुख्यतः ‘वलगणी’त. पहिला दणदणीत पाऊस झाला की ओढे भरतात, शेते आणि नाले एक होतात आणि मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध उथळ पाण्याकडे चढतात. त्या रात्री कंदील, पाग आणि टोपल्या घेऊन गाव बांधावर उतरे.

८. तळ्यांना मासे मिळत तेही याच वाटेने. तळे म्हणजे चार भिंतींची टाकी नव्हती. वरच्या अंगाने ओढा येई, खालच्या अंगाने सांडव्यातून जास्तीचे पाणी शेतात आणि पुढे खाडीकडे जाई. मरळ, शिंगटी, वाम आणि कितीतरी लहान मासे पावसात आपल्या पायवाटेने येत. कोणी सोडावे लागत नसत.

९. आता साहेबाकडे वळू. इंग्रज अधिकाऱ्याला हवा होता तो मायदेशी नदीतला ट्राउट. ‘भारताचे मासे’ हा विषय शास्त्रशुद्ध मांडणाऱ्या फ्रान्सिस डे यांनी १८६३ मध्ये निलगिरीत ट्राउट आणण्याचा प्रयत्न केला; तो फसला. १९०० च्या सुमारास फ्रँक मिचेल यांच्या खटपटीने तो काश्मीरमध्ये रुजला आणि पुढच्या दशकात एच. सी. विल्सन यांनी निलगिरीत इंद्रधनुषी ट्राउट स्थिरावला.

१०. ठाण्यात तो का आला नाही? कारण साधे आहे. ट्राउटला थंड, वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. पाणी वीस अंशांच्या वर चढू लागले की तो अस्वस्थ होतो. उन्हाळ्यातले कोकणी तळे त्याच्यासाठी उकळत्या भांड्यासारखे. म्हणून साहेबाने इथे दुसरा मासा पत्करला: महसीर. मंगळूरकडच्या हेन्री सलिव्हन टॉमस यांचे १८७३ चे ‘द रॉड इन इंडिया’ हे त्या छंदाचे मार्गदर्शक पुस्तक ठरले.

११. आणि बास? अमेरिकी तळ्यांतला तो बास आपल्याकडे नाही. पण इंग्रजी व्यापारात ज्याला ‘सी बास’ म्हणतात तो मासा ठाण्याच्या खाडीचा जुना रहिवासी आहे: जिताडा. तो गोड्या पाण्यात वाढतो, अंडी घालायला समुद्राकडे जातो, आणि त्याहून नवलाचे म्हणजे आयुष्याचा पूर्वार्ध नर म्हणून काढून उत्तरार्धात मादी होतो.

१२. पेण-अलिबागच्या खारेपाटात जिताड्याची पिल्ले खाडीतून धरून घरच्या तळ्यात सोडायची, लहान मासे खाऊ घालून ती वाढवायची आणि पाहुणा आला की काढायची, ही रीत आजही आहे. ज्याच्या तळ्यात मोठा जिताडा, त्याचा गावात मान मोठा. तळ्यात बाहेरचा मासा सोडण्याची कल्पना कोकणाला नवी नव्हती. फरक इतकाच, की तो मासा शेजारच्या खाडीतला होता.

१३. हौशी गळवाल्यांची संस्था या परिसरात आली ती पवईला. १८९० च्या सुमारास मुंबईच्या पाण्यासाठी बांधलेला पवई तलाव पिण्याच्या कामी फार काळ आला नाही. मासेमारीच्या छंदाला मात्र आला. १९५५ मध्ये महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनची स्थापना झाली. परवाना, ठरलेल्या जागा आणि नियम घेऊन गळ टाकणे, हा शिष्टाचार तिथे रुजला.

१४. त्याच सुमारास देशातल्या तळ्यांचे भवितव्य ओडिशातल्या अंगुळला ठरत होते. रोहू, कटला आणि मृगळ हे गंगेच्या खोऱ्यातले मासे साचलेल्या पाण्यात वाढतात, पण तिथे आपण होऊन अंडी घालत नाहीत. म्हणून त्यांचे बीज पावसाळ्यात नदीतून गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी यांनी पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन या माशांचे प्रजनन घडवले.

१५. हा शोध लहान दिसतो, पण त्याने तळ्याचा अर्थ बदलला. मत्स्यबीज केंद्रातून जिरे, अर्धबोटुकली आणि बोटुकली हव्या तेवढ्या मिळू लागल्या. तळे हे आता पीक घेण्याचे शेत झाले. ठेका द्यावा, बीज सोडावे, वर्षभराने जाळे ओढावे. १० जुलै हा देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो तो याच घटनेमुळे. आज ठाण्याच्या तळ्यात चुरमुऱ्यांवर उसळणारे कटला आणि रोहू हे त्या दिवसाचे वंशज आहेत.

१६. दुसरा पाहुणा आफ्रिकेतला. तिलापिया, म्हणजे आपल्या बोलीतली चिलापी, १९५२ मध्ये भारतात आली. मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा वीण करते आणि घाणेरड्या पाण्यातही तग धरते. गरिबाला स्वस्त मासा मिळावा हा हेतू चांगला होता. पण एकदा तळ्यात शिरलेली चिलापी बाहेर काढणे कोणालाच जमलेले नाही.

१७. तिसरा पाहुणा डासांसाठी आला. गंबुसिया १९२८ मध्ये भारतात आणला गेला. गप्पी त्याच्याही आधी. हिवतापाच्या काळात डासांच्या अळ्या खाणारा मासा म्हणजे वरदान होते. विहिरींत आणि हौदांत तो शोभला. उघड्या तळ्यात मात्र गंबुसिया स्थानिक माशांची अंडी आणि पिल्लेही खातो, हे नंतर लक्षात आले.

१८. याच काळात तळ्यांचे रूप पालटत होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. शतकभराने गिरण्या, कारखाने आणि वसाहती आल्या. १९८२ मध्ये ठाण्याची महापालिका झाली, १९८३ मध्ये कल्याणची. काही तळी बुजली. उरलेल्यांना भिंत, कठडा, पदपथ आणि कारंजे मिळाले.

१९. सुशोभीकरणाने तळी वाचली, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. भिंत नसती तर त्यांतल्या कित्येकांवर आज इमारती असत्या. पण त्याच भिंतीने ओढा तुटला आणि सांडवा बंद झाला. वलगणीची वाट मिटली. मासा आपल्या पायांनी यायचा थांबला. आता त्याला पिशवीतून यावे लागते.

२०. बंद तळ्याचे एक निष्ठुर गणित असते. सांडपाणी, निर्माल्य आणि पाव-चुरमुऱ्यांचा लगदा यांतून शेवाळ माजते. ते दिवसा प्राणवायू सोडते, रात्री ओढून घेते. पाण्यातला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो. आभाळ दोन दिवस झाकोळले की साठा संपतो. मासे पृष्ठभागी येऊन तोंडे उघडतात आणि सकाळी फिरायला आलेल्यांना पांढरी पोटे तरंगताना दिसतात.

२१. अशा पहाटे कोण मरते? प्रामुख्याने पाण्यातल्या प्राणवायूवर विसंबलेले रोहू आणि कटला. मरळ तगते, कारण तिला हवेतून श्वास घेणारे खास इंद्रिय आहे. आटत्या डबक्यांत जगण्याची तिची ती पिढीजात तयारी. जे तळे पाहुण्यांसाठी सजवले, त्यात संकटाच्या वेळी टिकण्याची विद्या घरच्या माशाकडेच निघाली.

२२. संकट माशांपुरते थांबत नाही. जानेवारी २०२२ मध्ये कल्याणच्या गौरीपाडा तलावात कासवे मोठ्या संख्येने मृत आढळली. तळ्याच्या तळाशी काय जगत होते हे अनेक रहिवाशांना त्या आठवड्यात प्रथमच कळले. जिवंत असताना जे दिसले नाही, ते मेल्यावर दिसले.

२३. मग तळ्यातला मासा कोणाचा? १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्याने सुरुंग लावून आणि विष टाकून मासे मारणे गुन्हा ठरवले. पाणी खाजगी असो वा सार्वजनिक, सरसकट संहार कोणाच्याच हक्कात नाही, हे त्यामागचे तत्त्व. पण नगरपालिकांच्या काळात हक्क ठेक्यात मोजला जाऊ लागला. ठेकेदाराने पैसे भरलेले असतात, भाविकाला पुण्य हवे असते, मुलाला गळ टाकायचा असतो आणि रहिवाशाला दुर्गंधी नको असते.

२४. यातून वाट निघते, याचा दाखला ठाण्यातच आहे. गणेशविसर्जनासाठी कृत्रिम तलाव करण्याची प्रथा ठाण्याने लवकर स्वीकारली. जे तळे शतकानुशतके विसर्जनाचे, त्यात मूर्ती न्यायची नाही हे लोकांना पटवणे सोपे नव्हते. तरी हजारो कुटुंबांनी ते मानले. श्रद्धा आणि पाणी यांचा मेळ घालता येतो, हे सिद्ध झाले.

२५. लोणावळ्याचे उदाहरणही जवळचे. धरणांमुळे महसिराच्या वाटा अडल्यावर वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात १९७० च्या दशकापासून दख्खनी महसिराची पैदास सुरू झाली. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. चं. वि. कुलकर्णी यांचे त्यातले काम मूलभूत आहे. परका मासा जसा वाढवता येतो तसा घरचाही वाढवता येतो. प्रश्न विद्येचा नाही, निवडीचा आहे.

२६. म्हणून तळ्याकाठच्या कोणालाही करता येतील अशा तीन गोष्टी उरतात. घरच्या काचपेटीतले कंटाळवाणे झालेले मासे तळ्यात सोडू नयेत. त्यांतले काही मरतात, काही माजतात. पाव आणि चुरमुरे टाकू नयेत. आणि पुढच्या सुशोभीकरणाची चर्चा होईल तेव्हा कारंजाच्या आधी एक प्रश्न विचारावा: या तळ्यात पाणी येते कुठून आणि जाते कुठे?

२७. सोमेश्वराला माहीत होते की मासा धरायचा तर आधी त्याला रोज खाऊ घालावे लागते. वलगणीच्या गावाला माहीत होते की मासा हवा तर त्याची वाट मोकळी ठेवावी लागते. शहराने पहिली गोष्ट लक्षात ठेवली आणि दुसरी विसरले. ज्या तळ्यांच्या नावाने ठाणे ओळखले जाते, त्यांचे पुढचे शतक या दुसऱ्या गोष्टीवर ठरणार आहे.