खिडकीच्या आतल्या झडपांना रंग कोणता? उघडल्यावर कोणती बाजू दिसते ते आधी पाहा

युसूफ वडगाव (ता. केज) : दसरा-दिवाळी जवळ आली की घराला रंग काढायचं ठरतं. भिंतीच्या रंगावर घरात चार दिवस चर्चा होते. खिडकीच्या झडपांचा विषय मात्र दुकानात उभ्या उभ्या संपतो. दुकानदार म्हणतो, "चॉकलेटी घ्या, मळत नाही." आणि डबा पिशवीत पडतो. चॉकलेटी मळत नाही असं नाही, मळलेला दिसत नाही एवढंच. आपल्या काळ्या रानाची धूळ तर फिकट राखाडी असते, ती गडद रंगावर उलट जास्त उठून दिसते.

आपल्याकडच्या जुन्या माळवदाच्या घरात भिंत दोन-अडीच फूट जाड, बाहेरच्या अंगाला गज आणि झडपा आत उघडणाऱ्या. अशी झडप दिवसा उघडली की तिची रस्त्याकडची बाजू खोलीत दिसते आणि खोलीकडची बाजू भिंतीला टेकते. रात्री लावली की उलट. बरेच जण "बाहेरून कोण बघतंय" म्हणून रस्त्याकडची बाजू गडद रंगवतात आणि आत पांढरा मारतात. मग दिवसभर खोलीत तीच गडद फळी दिसते. खिडकीतून येणारा उजेड त्या फळीवर पडतो. फळी फिकट असेल तर तो खोलीत फिरतो, गडद असेल तर तिथंच मुरतो. एका खिडकीच्या खोलीत पोरं अभ्यासाला बसत असतील तर हा फरक कळतो. दोन्ही बाजू एकाच फिकट रंगाच्या केल्या तर प्रश्नच मिटतो.

उन्हाचंही तसंच आहे. एप्रिल-मे महिन्यात दुपारी झडपा लावून घ्यायची आपली पद्धत. पश्चिमेच्या खिडकीची गडद झडप चटका बसेल इतकी तापते, लाकूड वाळून फळी वाकते, सांधे उघडतात. फिकट रंगाची झडप कमी तापते.

पण फिकट म्हणजे पांढराशुभ्र नव्हे. साधा ऑईलपेंट, म्हणजे इनॅमल, उजेड कमी असलेल्या जागी वर्ष-दोन वर्षांत पिवळा पडतो. चुलीचा धूर असेल तर आणखी लवकर. म्हणून मोतिया, फिका बदामी किंवा फिका राखाडी बरा. पिवळेपणा आला तरी त्यात मिसळून जातो. पांढराच हवा असेल तर पाण्यात मिसळणारा इनॅमल मिळतो, तो पिवळा पडत नाही. महाग पडतो, पण वासही कमी. स्वयंपाकघरात चकचकीत रंग घ्यावा, साबणाच्या फडक्यानं पुसता येतो. बाकी खोल्यांत कमी चमकीचा चालतो, जुन्या फळीवरचे खड्डे त्यात लपतात.

झडप सागवानी आणि धड असेल तर रंगाखाली झाकू नये, असं जुने सुतार सांगतात आणि ते बरोबर आहे. साफ करून पारदर्शक वार्निश किंवा जवसाचं तेल पुरतं. जवसाचं तेल लाकडात वाळून घट्ट होतं. शेंगदाण्याचं तेल मात्र लावू नये, ते वाळत नाही, चिकट राहतं आणि धूळ धरतं. लिंबाच्या किंवा बाभळीच्या फळीला, प्लायला रंगच बरा.

आता खरी काळजीची गोष्ट. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर दगडमातीच्या घरांची धास्ती बसली आणि स्लॅबची घरं वाढली. जुनं घर पाडलं तरी चौकटी, झडपा कोणी टाकत नाही, त्याच नव्या घरात बसतात. त्यांच्यावर रंगाचे जुने थर असतात आणि जुन्या ऑईलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगात शिसं दर दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांची खात्री देता येत नाही. असा थर कोरड्या काचपेपरनं घासला की भुकटी उडते. ती लहान लेकरांच्या मेंदूला आणि गरोदर बाईला घातक. म्हणून झडप काढून अंगणात, घरापासून लांब न्यावी, पाणी मारून ओल्या पेपरनं घासावी, तोंडाला फडकं बांधावं. खालचा चिखल कागदावर धरून गोळा करावा. तिथं कोंबड्या-शेळ्या फिरकू देऊ नयेत आणि रंगाचे तुकडे, जुन्या रंगाची फळी चुलीत घालू नये. थर घट्ट बसलेला असेल तर खरवडण्यापेक्षा त्यावरच नवा रंग मारणं सोपं.

रंग निवडताना शेडकार्डावरच्या नखाएवढ्या चौकोनावर विश्वास ठेवू नये. छोटा डबा आणून एका फळकुटावर दोन हात मारावेत, ते खिडकीपाशी टांगावं आणि सकाळी, दुपारी, रात्री एलईडीच्या उजेडात बघावं. बदामी रंग रात्री भलताच दिसू शकतो. मशीनवर कालवलेला रंग दुकानदार सहसा परत घेत नाही, म्हणून बिलावर शेडचा नंबर लिहून घ्यावा.

हिशोब सोपा आहे. तीन बाय चार फुटांची खिडकी, दोन्ही बाजू मिळून २४ चौरस फूट, दोन हात म्हणजे ४८. एक लिटर इनॅमल एका हाताला साधारण शंभर-सव्वाशे चौरस फूट जातो. म्हणजे एका खिडकीला अर्धा लिटर पुरतो. आधी लाकडाचा प्रायमर हवाच.

पावसाळ्यात हे काम काढू नये. लाकूड फुगलेलं असतं, रंग वाळत नाही आणि झडप चौकटीला चिकटते. रंगारी झडपेची खालची कड हमखास सोडतो, कारण ती दिसत नाही. पाणी तिथूनच चढतं, तेव्हा झडप उतरवून कड आधी रंगवून घ्यावी. गजांना रेड ऑक्साईडचा एक हात त्याच दिवशी उरकता येतो.